वडिलांच्या तबकड्या घरी डिजिटल करायच्या आहेत : टर्नटेबल, सुई आणि बाकीची सामग्री कोणती घ्यावी?

हळदबाजार (३ जुलै, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी,

वडील गेल्यानंतर सांगलीच्या घरातले त्यांचे कपाट उघडून तबकड्यांची मोजदाद केली. १४० एलपी निघाल्या आणि ७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेऱ्या), लाखेच्या ८० तबकड्या निघाल्या. एलपी बहुतांशी शास्त्रीय गायनाच्या आणि भावगीतांच्या आहेत. लाखेच्या तबकड्यांत बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, हिराबाई बडोदेकर यांची नाट्यपदे आहेत आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ओडियन छापाच्या पाच आहेत. प्रत्येक वेष्टनाच्या आतल्या कोपऱ्यात वडिलांनी शिसपेन्सिलीने खरेदीची तारीख आणि किंमत लिहून ठेवली आहे. ज्या फिएस्टा रेकॉर्ड प्लेयरवर ते या तबकड्या ऐकत असत त्याची थाळी अजून फिरते, पण आवाज उमटत नाही.

गेल्या वर्षी नमुन्यादाखल सहा एलपी एका व्यावसायिकाकडे डिजिटल करायला दिल्या होत्या. त्यांनी एमपीथ्री फाइली दिल्या. खरखर खरोखरच गेली होती, परंतु तिच्याबरोबर तंबोराही गेला होता. गायिका श्वास घेण्यासाठी थांबली की मागचा नाद विरून जातो आणि तिने सूर लावला की पुन्हा उगवतो. मूळ ध्वनिमुद्रण मागितले तेव्हा ते ठेवलेलेच नाही, असे उत्तर मिळाले. त्यामुळे हे काम आता घरीच, सावकाश करावे असे ठरवले आहे.

एकूण ६०,००० रुपये बाजूला काढले आहेत. बॅगेच्या आकाराचे, स्पीकर आतच असलेले यूएसबी प्लेयर सगळीकडे दिसतात. त्यांच्यावर हे काम होईल का? एलपी आणि ७८ दोन्हींसाठी एकच यंत्र पुरेल का? आणि आधी खर्च कशावर करावा?

सोल्डर (३ जुलै, रात्री ११:१५)

हळदबाजार, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक लोकांचे पैसे तिथेच चुकीच्या जागी जातात. सर्वांत आधी सुई आणि कार्ट्रिज (सुई धरून तिच्या कंपनांची वीज करणारा भाग), मग टोनआर्म (कार्ट्रिज पेलणारा दांडा) व मोटर, त्यानंतर तबकडी धुण्याची व्यवस्था आणि सगळ्यात शेवटी आवाज संगणकात घेणारी ऑडिओ पेटी, असा क्रम ठेवा. खाचेतून जे सुईने उचललेच नाही, ते पुढचे कोणतेही महाग यंत्र परत आणू शकत नाही.

बॅगेतले प्लेयर या कामासाठी घेऊ नका. त्यांत बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असते आणि ते तबकडीवर ५ ते ६ ग्रॅम भार टाकते. चांगल्या चुंबकीय कार्ट्रिजला एलपीसाठी २ ग्रॅमच्या आसपास भार पुरतो. शिवाय त्या प्लेयरांत भार कमीजास्त करता येत नाही, बाजूला ओढ लागते ती सावरता येत नाही आणि थाळी एलपीपेक्षा लहान असल्यामुळे कडा अधांतरी राहतात. ज्या तबकडीची दुसरी प्रत मिळण्याची शाश्वती नाही, ती अशा यंत्राखाली घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन्ही प्रकारांसाठी यंत्र एक चालेल, सुई मात्र एक चालणार नाही. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन असते, तर ७८ साठी सुमारे ७६ मायक्रॉनची सुई लागते, म्हणजे चौपट जाड. एलपीची सुई लाखेच्या तबकडीवर ठेवली तर ती रुंद खाचेच्या तळाशी जाऊन बसते आणि तिथला कचरा खरवडत इकडून तिकडे हेलकावत राहते. स्वर मात्र खाचेच्या दोन भिंतींवर कोरलेला असतो. ‘जुन्या तबकड्या फार खरखरतात’ असे म्हणणाऱ्या कितीतरी लोकांनी त्या योग्य सुईने एकदाही ऐकलेल्या नसतात. उलट, जाड सुई एलपीवर ठेवली तर एलपीची खाच कायमची बिघडते.

तुमच्या अंदाजपत्रकात मी ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी१२०एक्सयूएसबी सुचवेन. त्याला ३३ १/३, ४५ आणि ७८ या तिन्ही गती आहेत, टोनआर्मचा भार बदलता येतो आणि फोनो प्रीॲम्प (कार्ट्रिजमधून येणारा क्षीण आवाज वाढवणारा भाग) आतच असून तो हवा तेव्हा बंद करता येतो. सोबत येणाऱ्या व्हीएम९५ई कार्ट्रिजची सुई नुसती ओढून काढता येते आणि त्याच अंगावर ७८ ची व्हीएमएन९५एसपी ही सुई बसते. स्क्रू खोलावे लागत नाहीत की कोन पुन्हा जुळवावा लागत नाही. त्याच कंपनीचा स्वस्त एलपी६० मोहात पाडतो, पण त्याला ७८ ची गतीच नाही आणि भारही बदलता येत नाही, तेव्हा तो तुमच्या कामाचा नाही.

सुई बदलली की भार बदलायला विसरू नका. ७८ च्या सुईला साधारण ५ ग्रॅम भार लागतो. टोनआर्मच्या मागच्या वजनावरील आकड्यांवर विसंबून न राहता ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल वजनकाटा घ्या. तो सगळ्या सामग्रीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी नग ठरेल.

फिएस्टाच्या मोटरपेक्षा त्याच्या कार्ट्रिजचा दोष असण्याची शक्यता अधिक आहे. त्या काळातल्या अनेक स्फटिक-कार्ट्रिजांत रोशेल क्षाराचा स्फटिक असे. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत तो हळूहळू विरघळून निकामी होतो. यंत्र आठवण म्हणून जरूर ठेवा, पण त्यावर आता एकही तबकडी लावू नका.

एडिसनहून (४ जुलै, पहाटे ४:०५)

वरच्या यादीत माझ्या अनुभवातली एक सूचना घालतो, कारण ‘अमेरिकेतून जुना टर्नटेबल मागवा, तिकडे स्वस्त मिळतो’ असा सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल.

मी इथून माझा जुना, चांगल्या प्रतीचा, पट्ट्यावर चालणारा टर्नटेबल ठाण्याला भावाकडे नेला होता. ११० व्होल्टसाठी ट्रान्सफॉर्मरही नेला. थाळी फिरली, सगळे ठीक वाटले आणि मग कुमार गंधर्वांची एलपी लावली तर आवाज ओळखू येईना. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, वारंवारता बदलत नाही. तशा यंत्रातली मोटर विजेच्या वारंवारतेला बांधलेली असते. इथे वीज ६० हर्ट्झची, भारतात ५० ची. त्यामुळे थाळी पाच-षष्ठांश गतीने, म्हणजे ३३ १/३ ऐवजी २७.८ फेऱ्यांनी फिरत होती. मोटरच्या कप्पीचा व्यास ५० हर्ट्झला जुळणारा घेतल्याशिवाय त्यावर उपाय नव्हता आणि त्या जुन्या यंत्रासाठी ती कप्पी मला मिळाली नाही.

सोल्डर यांनी सुचवलेल्या यंत्राला ही अडचण येत नाही. ते बाहेरच्या ॲडाप्टरवर, डीसी मोटरने चालते.

काळी पाच (४ जुलै, सकाळी ७:३०)

एडिसनहून यांनी सांगितलेला फरक आम्हा पेटीवाल्यांच्या, म्हणजे हार्मोनियमवाल्यांच्या, भाषेत सांगायचा तर सुमारे तीन पट्ट्यांचा आहे. काळी पाचमध्ये गाणारी गायिका पांढरी पाचमध्ये ऐकू येईल, आणि लय मंदावेल ती वेगळीच.

मी मिरजेचा. हार्मोनियमच्या साथीत हयात गेली, म्हणून यंत्रांविषयी न बोलता गतीविषयी लिहितो. ७८ हा आकडा छापलेला असला तरी सगळ्या जुन्या तबकड्या नेमक्या त्याच गतीने मुद्रित झालेल्या नाहीत. विशेषतः १९२५ पूर्वी, भोंग्यापुढे गाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणांत फरक बराच असू शकतो. एका पट्टीचा फरक म्हणजे गतीत सुमारे ६ टक्के, म्हणजे ७८ च्या ठिकाणी साडेचार फेऱ्यांहून थोडा अधिक. इतक्या फरकाने गाणे बेसूर होत नाही, कारण गायक, पेटी, तबला सगळे एकत्र वर किंवा खाली सरकतात. पण गळ्याचा पोत बदलतो. ताना घाईने घेतल्यासारख्या वाटतात, नाहीतर ओढून घेतल्यासारख्या. बालगंधर्वांचा गळा माझ्या आजोबांनी थिएटरात ऐकलेला होता. घरातल्या ग्रामोफोनची कमान उतरत आली की ते उठून चावी देत आणि म्हणत, ‘हा त्यांचा आवाज नव्हे.’

म्हणून यंत्र घेताना गती कमीजास्त करण्याची सोय पाहून घ्या. नाट्यपदांच्या तबकडीत पेटी असेल तर तिचा षड्ज नीट ऐकावा. पेटीच्या पट्ट्या पक्क्या असतात, त्यामुळे तिचा सूर दोन पट्ट्यांच्या मधोमध लोंबकळत असेल तर गती चुकली आहे असे बहुधा समजावे. जुन्या पेट्या आजच्या मापाला तंतोतंत लावलेल्या नसत, हे खरे, त्यामुळे शेवटचा निवाडा गळ्याच्या पोतावर करावा लागतो आणि तिथे दोन जाणकारांचे दुमत होऊ शकते.

सोल्डर (४ जुलै, सकाळी ९:१०)

काळी पाच यांचे म्हणणे पूर्णपणे मान्य. मी सुचवलेल्या यंत्रात गती ८ किंवा १६ टक्क्यांपर्यंत वरखाली करता येते आणि थाळीच्या कडेला गती तपासण्यासाठी ठिपके व दिवाही आहे. ज्यांच्याकडे तसा दिवा नाही, त्यांनी ५० हर्ट्झसाठीची ७७ रेषांची कागदी चकती थाळीवर ठेवावी. रेषा स्थिर दिसल्या की गती ७७.९२ आहे. मात्र ती चकती साध्या तारेच्या किंवा निऑनच्या दिव्याखाली पाहावी. घरातले बरेच एलईडी दिवे विजेच्या लयीत लुकलुकत नाहीत आणि त्यांच्या उजेडात रेषा कधीच स्थिर दिसत नाहीत.

मांडवी (४ जुलै, दुपारी २:२०)

हळदबाजारदादा, यंत्र येईपर्यंत तबकड्या धुवायला घ्या. आमचे घर रत्नागिरीत खाडीच्या जवळ आहे, त्यामुळे बुरशीशी माझा जुना परिचय आहे. एलपीवरची बुरशी पांढरट ठिपक्यांसारखी दिसते आणि तशीच वाजवली तर सुईवर लोण्यासारखा गोळा जमतो.

एक गोष्ट सर्वांत आधी सांगते. लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल कधीही लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सुतार चपडी लाख स्पिरिटमध्ये भिजवूनच लाकडाला पॉलिश करतो, तीच ही लाख. बाजारातली ‘रेकॉर्ड क्लीनर’ म्हणून मिळणारी काही द्रावणे अल्कोहोलची असतात, तेव्हा बाटलीवरचा मजकूर वाचल्याशिवाय ७८ वर एक थेंबही टाकू नका.

माझी पद्धत अशी आहे. ऊर्ध्वपातित पाणी घेते, लिटरभर पाण्यात सौम्य, बिनवासाच्या भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकते आणि मऊ केसांच्या ब्रशाने खाचेच्या दिशेने, गोल गोल फिरवत धुते. मधल्या लेबलवर प्लॅस्टिकचे गोल झाकण दाबून धरते, कारण जुन्या लेबलांचा रंग पाण्याने लगेच सुटतो आणि तबकडीचा क्रमांक त्यावरच असतो. मग नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्याने दोनदा खळबळून, कपबशांच्या जाळीत उभी करून पंख्यापासून दूर सुकवते. लाखेची तबकडी पाण्यात भिजत ठेवू नये. धुवावी आणि लगेच टिपावी. पावसाळ्यात एक रात्र पुरत नाही, दोन दिवस द्या. ओलसर तबकडी कागदी वेष्टनात घातली तर कागद चिकटतो, हे मी एक भावगीतांची एलपी गमावून शिकले.

जुनी वेष्टने टाकू नका. तुमच्या वडिलांच्या हातच्या नोंदी त्यांवर आहेत. तबकडीसाठी नवे आतले वेष्टन घ्या आणि जुने शेजारी ठेवा.

हळदबाजार (५ जुलै, रात्री १०:००)

सर्वांचे मनापासून आभार. मांडवीताई, लेबलवर झाकण दाबण्याची युक्ती मला सुचली नसती. काल बारा एलपी धुतल्या. पाणी चहासारखे झाले.

टर्नटेबल सोल्डर यांनी सांगितला तोच घेतो आहे. आता दोन शंका. त्यातून थेट यूएसबी निघते, मग वेगळी ऑडिओ पेटी कशाला? आणि आमच्या घरातली वायरिंग जुनी आहे, त्यामुळे घूं असा आवाज येईल का?

सोल्डर (६ जुलै, सकाळी ८:४५)

थेट यूएसबी चालते, पण ती १६ बिटांची आहे. १६ बिटांत आवाजाची पातळी अगदी नेमकी लावावी लागते; तान वर चढली आणि पातळी ओलांडली तर तो तुकडा चिरका होतो आणि पुन्हा दुरुस्त होत नाही. २४ बिटांची वेगळी पेटी असेल तर सर्वांत मोठा आवाज शून्याच्या, म्हणजे कमाल पातळीच्या, ६ ते १० डेसिबल खाली ठेवून निश्चिंत बसता येते. फोकसराइट स्कार्लेट २आय२ किंवा त्या तोडीची कोणतीही पेटी पुरेल. टर्नटेबलचा आतला प्रीॲम्प चालू ठेवा आणि पेटीच्या लाइन इनपुटला जोडा. दोन प्रीॲम्प एकामागोमाग लावू नका, आवाज फुटतो आणि मंद्र सप्तक ढोलासारखे घुमते.

प्रीॲम्प का लागतो, तेही सांगतो. कार्ट्रिजमधून जेमतेम काही मिलिव्होल्ट निघतात. शिवाय एलपी कोरताना खर्ज दाबलेला आणि वरचे स्वर उचललेले असतात, नाहीतर खर्जाच्या रुंद खाचांनी तबकडी दहा मिनिटांत संपली असती. १९५४ मध्ये ठरलेल्या आरआयएए वक्राप्रमाणे (कोणते स्वर किती दाबायचे-उचलायचे याच्या प्रमाणाप्रमाणे) प्रीॲम्प ते उलटे करून पूर्ववत करतो. ७८ च्या बहुतेक तबकड्या त्या आधीच्या, प्रत्येक कंपनीचा वक्र निराळा. पण त्याची आज काळजी करू नका. २४ बिटांत आरआयएए लावून मुद्रित केलेले ध्वनिमुद्रण नंतर संगणकावर दुसऱ्या वक्रात बदलता येते. ऑडॅसिटी या मोफत प्रणालीत जुन्या ७८ चे वक्र लावता येतात.

लाखेच्या तबकड्या मोनो असल्या तरी मुद्रण स्टिरिओतच करा. डावी आणि उजवी वाहिनी म्हणजे खाचेच्या दोन भिंती. बरेचदा एक भिंत जास्त झिजलेली असते, तेव्हा चांगली निवडता येते. दोन्ही सारख्या असतील तर एकत्र करा. सुईच्या वरखाली हालचालीतून आलेली खरखर परस्पर कटून जाते.

घुमण्याविषयी : टर्नटेबलमधून अर्थची वायर निघत असेल तर ती जोडल्याशिवाय सुरू करू नका. संगणक आणि पेटी एकाच सॉकेटपट्टीवर घ्या. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून मुद्रण करून पाहा. भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या, आवाजापेक्षाही जिवासाठी.

आणि टर्नटेबल भिंतीत बसवलेल्या कडप्प्याच्या फळीवर ठेवता आला तर उत्तम. स्पीकर त्याच फळीवर ठेवू नका. मुद्रण करताना हेडफोन वापरा.

रेघोटी (६ जुलै, दुपारी १:१०)

माझे थोडे वेगळे मत नोंदवतो. २४ बिट ठीक, पण लोक आजकाल ९६ किलोहर्ट्झचा (सेकंदाला ९६ हजार नमुने घेण्याचा) आग्रह धरतात, तो घरगुती कामासाठी अनाठायी आहे. लाखेच्या तबकडीत ऐकण्याजोगे जे आहे ते ४८ किलोहर्ट्झमध्ये सहज मावते. ९६ ला मिनिटाला सुमारे ३५ एमबी लागतात. १४० एलपींचे प्रत्येकी ४५ मिनिटे धरली तर १०५ तास झाले, म्हणजे सुमारे २१८ जीबी, आणि त्याच्या दोन प्रती ठेवायच्या.

सोल्डर (६ जुलै, दुपारी ४:३०)

रेघोटी, गाण्यापुरते तुमचे बरोबर आहे. मी ९६ सुचवतो ते गाण्यासाठी नव्हे, ओरखड्यांसाठी. ओरखड्याची टकटक फार अल्पकाळ टिकते आणि जास्त नमुने घेतले की तिच्या कडा स्वच्छ दिसतात. त्यामुळे ती काढणारी प्रणाली तबल्याच्या चाटेला ओरखडा समजण्याची चूक कमी करते. डिस्क आज महाग राहिलेली नाही. १०५ तास मात्र पुन्हा मिळणार नाहीत. तरीही कोणी ४८ ला केले तर मी त्याला चूक म्हणणार नाही. एमपीथ्रीत मूळ प्रत ठेवणे ही चूक.

मूळ फाइलीवर कोणतीही सफाई करू नका. तिची प्रत काढून त्यावर प्रयोग करा. हळदबाजार यांच्या सहा एलपींचे नेमके उलटे झाले. तंबोरा अखंड, एकसारखा वाजतो. खरखरही अखंड, एकसारखी असते. खरखर कमी करणाऱ्या प्रणालीला दोन्हींतला फरक सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणून तिला खरखरीचा नमुना द्यायचा तो गाणे सुरू होण्यापूर्वीच्या रिकाम्या खाचेतून द्यावा, आलापाच्या मधल्या विरामातून देऊ नये. त्यातही पाच-सहा डेसिबलवर थांबावे.

मांडवी (६ जुलै, सायंकाळी ६:५०)

फाइलीला नाव देताना छाप, तबकडीचा क्रमांक आणि बाजू हे तिन्ही घाला. नुसते गायकाचे नाव पुरत नाही. लेबलच्या बाहेर, गुळगुळीत भागात कोरलेला जो क्रमांक असतो तोही टॉर्च तिरपा धरून उतरवून घ्या. एकाच पदाचे दोनदा झालेले ध्वनिमुद्रण बहुधा तेवढ्यावरूनच वेगळे ओळखता येते. लेबलचे आणि पेन्सिलीच्या नोंदीचे छायाचित्र त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

हळदबाजार (२७ जुलै, रात्री ११:२०)

सामग्री आली, कडप्प्याच्या फळीवर बसवली. वायरमनने सांगितले की त्या सॉकेटला अर्थिंग नव्हतेच. ते करून घेतले आणि घूं आवाज पूर्ण थांबला. टर्नटेबल, ७८ ची सुई, ऑडिओ पेटी, वजनकाटा, ब्रश आणि दोन डिस्क मिळून ठरवलेल्या रकमेत बसले.

आजवर १९ एलपी झाल्या. त्या व्यावसायिकाकडे दिलेल्या सहापैकी एक घरी पुन्हा मुद्रित केली आणि दोन्ही फाइली पाठोपाठ ऐकल्या. यात खरखर आहे, दोन ठिकाणी टकटक आहे, आणि पहिल्या षड्जाच्या आधीपासून बाजू संपेपर्यंत तंबोरा आहे. आई दाराशी उभी राहून ऐकत होती. तिने फक्त विचारले, ‘हे आपल्या फिएस्टावर लागायचं तेच ना?’

लाखेच्या तबकड्यांना आज हात लावला. सुई बदलली, काट्यावर ५ ग्रॅम पाहिले आणि हिराबाईंची एक बाजू घेतली. आधी मुद्दाम न धुता मुद्रित केली, मग धुऊन पुन्हा. फरक मला अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक वाटला. पेटीचा भाता ओढल्याचा आवाजही दुसऱ्या मुद्रणात ऐकू येतो.

एक अडचण उरली आहे. खाँसाहेबांच्या पाचपैकी एका ओडियनला कडेपासून लेबलपर्यंत तडा आहे. ती चिकटवून घ्यावी का?

सोल्डर (२८ जुलै, सकाळी ८:०५)

चिकटवू नका. गोंद खाचेत उतरला की तेवढी खाच गेली. तुकडे वेगळे झालेले नसतील तर तबकडी थाळीवर सपाट ठेवा, तड्याच्या दोन्ही कडा एका पातळीत आहेत का ते बोट न लावता, डोळे थाळीच्या रेषेत आणून पाहा. कडा वरखाली असतील तर वाजवू नका. सुई तुटेल किंवा तुकडा उडेल. सारख्या असतील तर एकदाच, मुद्रण सुरू करूनच वाजवा. तड्याची टकटक दर सेकंदाला सुमारे १.३ वेळा, घड्याळासारखी नियमित येईल आणि ती नंतर एक एक करून हाताने काढता येते. मी हे केले आहे. तीन मिनिटांच्या बाजूला सव्वादोनशेच्या वर टकटकी होत्या आणि दोन संध्याकाळी लागल्या.

काळी पाच (२८ जुलै, सकाळी ९:४०)

हळदबाजार, ती तबकडी वाजवण्याआधी मला कळवा. मिरज-सांगली अंतर ते किती! शनिवारी पेटी घेऊन येतो. बाकीच्या चार ओडियनांची गती आधी पेटीवर लावून घेऊ. ती एकदा सापडली की पाचवीला तीच गती देऊन पाहता येईल, म्हणजे तडा गेलेली तबकडी खरोखर एकदाच फिरवावी लागेल.

हळदबाजार (२८ जुलै, दुपारी १२:१५)

जरूर या. चारही तबकड्या आज धुऊन जाळीत लावल्या आहेत. हवा दमट आहे, पण शनिवारपर्यंत सुकतील. पाचवी तशीच, कापडात गुंडाळून, सपाट ठेवली आहे.